एकेचाळीस दात आणि अकरा दात

गाडी वळली की मागची दोन चाकं सारखं अंतर कापत नाहीत, हे सांगितलं तर कुणी वाद घालणार नाही. बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी. पण किती जास्त? दोन चाकांमधलं अंतर १.६ मीटर धरलं, तर काटकोनी वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा अडीच मीटर जास्त धावतं. वळण बोळातलं असो की हायवेवरचं ऐसपैस असो, अडीच मीटरच. पूर्ण प्रदक्षिणा घातली तर फरक दहा मीटरचा. मग ती प्रदक्षिणा चौकातल्या पुतळ्याभोवतीची असो की अख्ख्या मुंबई बेटाभोवतीची. वर्तुळ लहान की मोठं याचा इथे संबंधच येत नाही. किती अंशांतून वळलात आणि दोन चाकांत अंतर किती, एवढ्यावर हिशेब मिटतो. वर्तुळाच्या परिघाचं सूत्र आठवत असेल त्याला हे कागदावर दोन ओळींत पडताळता येतं, आणि पडताळून झाल्यावरही मन ते मानत नाही.

आता अडचण अशी, की पिकअपची मागची चाकं इंजिनाने ढकलायची असतात. इंजिनाकडून येणारा शाफ्ट एक, चाकं दोन. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर प्रत्येक वळणावर त्या अडीच मीटरची भरपाई टायरला रस्त्यावर घासून करावी लागेल. एकाच चाकाला ताकद दिली तर गाडी एका अंगाने ओढेल. हवं आहे असं काही, की जे दोन्ही चाकांना सारखाच जोर देईल आणि तरीही ज्याला जितकं पळायचं तितकं पळू देईल. जोर सारखा, वेग मोकळा. हे जमवणारी वस्तू म्हणजे मागच्या धुऱ्याच्या मधोमध फुगलेला तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल.

ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने १८२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या वाफेच्या गाडीसाठी तो पेटंट केला. पेकर पेशाने घड्याळजी. पेट्रोलची मोटार रस्त्यावर यायला अजून अर्धशतकाहून जास्त अवकाश होता. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तीनचाकी सायकलला तीच युक्ती लावली. त्याही आधी, पार ग्रीकांच्या काळात, अँटिकिथेराच्या बुडालेल्या जहाजातून वर काढलेल्या कांस्ययंत्रात डिफरन्शियल होतं असं डेरेक डी सोला प्राइस यांनी मांडलं होतं. नंतरच्या क्ष-किरण अभ्यासांत ते टिकलं नाही. मला त्याची थोडी चुटपुट लागते, पण पुरावा तो पुरावा.

आत घडतं काय? मोठं दातेरी चाक, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक क्राउन म्हणतात, एका पोकळ लोखंडी पिंजऱ्याला बोल्टांनी जखडलेलं असतं. इंजिनाकडून आलेल्या शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, क्राउनला फिरवतं आणि क्राउनबरोबर पिंजरा फिरतो. पिंजऱ्यात आडवी पिन, पिनेवर दोन लहान गिअर, आणि त्या दोघांच्या दातांत दोन्ही बाजूंनी अडकलेले आणखी दोन गिअर. या शेवटच्या दोघांत डावा आणि उजवा एक्सल घुसलेला असतो. सरळ रस्त्यावर पिनेवरचे लहान गिअर स्वतःभोवती फिरतच नाहीत. सगळा पिंजरा एकसंध ठोकळा होऊन फिरतो. यंत्रातले सगळ्यात कल्पक भाग मैलोन्‌मैल नुसते बसून असतात. वळण आलं, आतल्या चाकाने किंचित पाय ओढला, की ते लहान गिअर पिनेवर फिरू लागतात आणि एका बाजूने जेवढं काढून घेतलं तेवढंच दुसऱ्या बाजूला देतात. पिंजरा मिनिटाला १०० फेरे घेत असेल आणि डावं चाक ९० वर आलं, तर उजवं बरोबर ११० वर. डावं थांबवलं तर उजवं २००. दोन्हींची बेरीज कायम पिंजऱ्याच्या दुप्पट. वजाबाकी शिकवायला यापेक्षा चांगलं यंत्र मला ठाऊक नाही.

हे शब्दांत अवघड वाटत असेल तर १९३७ साली शेवरोलेसाठी जॅम हँडी यांच्या संस्थेने काढलेला ‘अराउंड द कॉर्नर’ हा छोटा माहितीपट जरूर बघा. एका रांगेत वळणारे मोटारसायकलस्वार आणि काठ्या लावलेली दोन चाकं, एवढ्या सामानात त्यांनी सगळं उलगडलं आहे. नव्वद वर्षं होत आली, पण त्याहून सोपं अजून कुणाला जमलेलं नाही.

सारख्या जोराच्या या न्यायाला एक बोचरी बाजूही आहे. दोन्ही चाकांना जोर सारखा मिळतो, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या चाकाला जितका कमी जोर लागतो तितकाच कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. एक चाक वेड्यासारखं गरगरतं, दुसरं ढिम्म. अमेरिकेतल्या शेतांवर, चिखलात रुतलेल्या पिकअपांनी हे फार वेळा भोगलं. म्हणून १९७३ पासून जनरल मोटर्सने आपल्या पिकअपांत ईटन कंपनीचं आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल घ्यायची सोय दिली. त्याच्या पोटात चिमुकली वजनं असतात. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला, की ती केंद्रापासून बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि दोन्ही एक्सल एकत्र बांधले जातात. गाडी ताशी तीसेक किलोमीटरच्या वर असेल तर दुसरी एक यंत्रणा तो खटका अडकूच देत नाही. संगणक नाही, वायर नाही, नुसत्या लोखंडाने घेतलेला निर्णय. जोरात पळवणाऱ्यांच्या हाती मात्र तो कधीकधी फुटतो, म्हणून काही अमेरिकन मालक त्याला सरळ बॉम्ब म्हणतात.

ज्या पिकअपवर हे सगळं बघायला बरं पडतं ती म्हणजे १९७३ ते १९८७ या काळातली जनरल मोटर्सची चौकोनी तोंडाची शेवरोले, विशेषतः अर्ध्या टनाची सी-१०. अमेरिकेत ती अजून भरपूर आहे, तिचे भाग मिळतात, आणि खाली शिरायला जागा ऐसपैस आहे. पण तिच्या धुऱ्यात कुठलं डिफरन्शियल आहे हे कागदपत्रांवरून सांगता येईलच असं नाही. चाळीस-पन्नास वर्षांत चार मालक झालेले असतात, आणि त्यांतल्या एखाद्याने भंगाराच्या आवारातून दुसराच धुरा आणून बसवलेला असतो. ओळख पटवायची ती लोखंडावरूनच.

सगळे जण सांगतात, मागच्या झाकणाचे बोल्ट मोजा. मोजा जरूर, पण तेवढ्यावर थांबू नका. दहा बोल्ट निघाले म्हणून जनरल मोटर्सचं ८.५ इंची क्राउनचं ‘टेन-बोल्ट’ समजाल, तर त्याच कंपनीच्या जुन्या ८.२ इंचीलाही दहाच बोल्ट असतात. डॅना कंपनीच्या ४४ ला दहा. त्याहून कितीतरी दणकट डॅना ६० लाही दहाच. फोर्डच्या ८.८ इंचीलाही दहा. चौदा निघाले तर पाऊण टन आणि एक टनाच्या गाड्यांचं १०.५ इंची असू शकतं, नाहीतर त्याच घराण्यातलं धाकटं ९.५ इंची. बारा बोल्टांची गंमत आणखी वेगळी. शेवरोलेच्या मोटारीतलं आणि ट्रकमधलं बारा-बोल्टी, दोन्हींचं क्राउन ८.८७५ इंचांचंच, पण पिनियनची दांडी मोटारीत १.६७५ इंच जाड आणि ट्रकमध्ये १.४३८. एकाचे गिअर दुसऱ्यात बसत नाहीत. मोटारीचे गिअर स्वस्तात मिळाले म्हणून ट्रकसाठी उचलले, की पैसे पाण्यात.

म्हणून जाणकार माणूस बोल्ट मोजून झाले की आकाराकडे वळतो. ८.५ इंचीच्या गोळ्याला खालच्या अंगाला, घड्याळात पाच आणि सात जिथे असतात तिथे, ओतकामातच दोन चौकोनी कान काढलेले असतात. चिखल खरवडला की बोटांना लागतात. डॅना कंपनी तर आपला आकडाच लोखंडावर ओतून ठेवते. ४४ किंवा ६० असा ठसठशीत उंचवटा, आणि धुऱ्याच्या नळीवर ठोकलेला पार्ट नंबर. फोर्डचं प्रसिद्ध ९ इंची, जे १९५७ पासून १९८६ पर्यंत निघालं, ते लांबूनच कळतं, कारण त्याला मागे झाकणच नसतं. सगळा गाभा पुढच्या बाजूने बाहेर निघतो. त्याचा धाकटा भाऊ ८ इंची अगदी तसाच दिसतो. दोघांत फरक करायची खूण मला फार आवडते. गाभ्याच्या कडेच्या नटांना सॉकेट लावून बघायचं. सगळे नट सॉकेटने निघत असतील तर ८ इंची. खालच्या नटांना गोळ्याचं पोट आडवं येऊन सॉकेट बसत नसेल, रिंग पानाच लावावा लागत असेल, तर ९ इंची. पाना कुठला बसतो यावरून गिअरचा व्यास कळतो!

शेवरोलेच्या उजव्या बाजूच्या नळीवर, पुढच्या अंगाला, ठोकलेली अक्षरं असतात. तारेच्या ब्रशने गंज काढला की ती वर येतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात कारखान्याने चिकटवलेला कागद टिकला असेल तर फारच उत्तम. त्यावर जीटी४ असेल तर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, ३.७३, जीयू६ असेल तर ३.४२, आणि जी८० असेल तर वर सांगितलेला तो लॉक होणारा प्रकार. अर्थात धुरा बदललेला नसेल तरच. कागद खोटं बोलत नाही, पण तो जुन्या धुऱ्याबद्दल बोलत असू शकतो.

काहीच हाती लागलं नाही तरी घाबरायचं कारण नाही. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा, गिअर न्यूट्रलमध्ये. पुढच्या चाकांना ओट लावायला विसरू नका. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर साधं डिफरन्शियल, नाहीतर खटका न अडकलेला तो लॉक होणारा प्रकार. बेरीज कायम राहते आणि इथे शाफ्ट उभा आहे, तेव्हा बेरीज शून्य. मग एक चाक कुणाला तरी धरायला सांगून दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर केलेली खडूची खूण मोजा. शाफ्टचे पावणेचारला किंचित कमी फेरे भरले तर ३.७३, चाराच्या थोडे पुढे गेले तर ४.१०. दोन फेरे का, तर एक चाक थांबलेलं असलं की पिंजरा निम्मा फिरतो.

आता प्रश्न पडायला हवा. ३.७३ हा असला वेडावाकडा आकडा कशाला? सरळ ४ का नाही ठेवला?

क्राउनला ४१ दात, पिनियनला ११. भागाकार ३.७२७. या दोन संख्यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही, आणि मेख तिथेच आहे. पिनियनचा एक दात घ्या. तो क्राउनच्या एका दाताला भेटला की पुढच्या फेरीत वेगळ्याच दाताला भेटतो, त्यापुढच्या फेरीत तिसऱ्याच. क्राउनच्या सगळ्या ४१ दातांना भेटून झाल्यावरच तो पहिल्याकडे परत येतो. म्हणजे एकूण ४५१ जोड्या जुळून होईपर्यंत एकही जोडी दुसऱ्यांदा जमत नाही. ४० आणि १० दात ठेवले असते, तर पिनियनच्या प्रत्येक दाताच्या वाट्याला आयुष्यभर तेच चार दात आले असते. एखाद्या दातावर बारीकसा उंचवटा राहिला असेल तर त्याच चौघांना तो कोरत बसला असता. ४१ आणि ११ मध्ये प्रत्येकाची झीज सगळ्यांत वाटली जाते. गाडी ताशी ९० किलोमीटरने जात असेल तर चाक मिनिटाला साधारण साडेसहाशे फेरे घेतं आणि पिनियन सुमारे २४००, म्हणजे सेकंदाला चाळीस. या साऱ्या ४५१ भेटी एका सेकंदात उरकतात. पुढच्या सेकंदाला पुन्हा पहिल्यापासून.

फोर्डच्या ९ इंचीत मात्र ३.०० चा जोड आहे, ३९ आणि १३. आणि ३.५० चा, ३५ आणि १०. असल्या जोडांत ठरावीक दात ठरावीक दातांनाच भेटतात, म्हणून कारखान्यातच त्यांना एकमेकांवर घासून सरावलेलं असतं आणि दातांवर खुणा केलेल्या असतात. जोडताना खुणेला खूण लावायची. ती चुकवली तर वर्षानुवर्षं जमलेली घडी मोडते आणि गाडी रडू लागते.

झाकण उघडल्यावर दातांकडे नीट बघितलंत तर आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पिनियन क्राउनच्या मध्यावर येत नाही, चांगलाच खाली उतरून येतो, आणि दात सरळ नसून वळसा घेत गेलेले. ही रचना मोटारीत पहिल्यांदा पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये आणली. हेतू साधा होता. शाफ्ट खाली उतरला की गाडीची फरशी खाली घेता येते. पण भूमितीत एक गोष्ट हलवली की दुसरी हलते. या दातांवर दात नुसता लोळत नाही, तो लांबवर घसरतही जातो. एवढ्या दाबाखाली लोखंड लोखंडावर घासलं तर क्षणात चिकटेल. साधं तेल तिथे टिकत नाही, दाताखालून पिळून निघतं.

उपाय रसायनात सापडला. गिअर ऑईलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दात जिथे तापतो तिथे, त्याच ठिकाणी, ती लोखंडाशी संयोग पावतात आणि एक पातळ थर धरतात. धातूऐवजी तो थर झिजतो आणि लगेच पुन्हा धरतो. जखम होण्याच्या जागी जखमेआधीच खपली. जुन्या डिफरन्शियलचं झाकण काढल्यावर जो उग्र, नाक चुरचुरवणारा वास येतो तो या गंधकाचा. तो हाताला दोन दिवस राहतो आणि कुठल्याही साबणाला दाद देत नाही. काही काळ या कामाला स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेलही गंधक मुरवून वापरलं जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने या माशाला संरक्षण दिलं, तेव्हा तेल कंपन्यांना पर्याय शोधावे लागले. शेतावरच्या पिकअपच्या धुऱ्यात खोल समुद्रातला देवमासा. माणसाने कुठून काय आणून कशात घातलं याला सीमा नाही.

आता प्रत्यक्ष काम. सी-१० च्या ८.५ इंचीला तेल काढायचं भोकच नाही. झाकणाचे बोल्ट ढिले करून, वरचा एखादा तसाच ठेवून, खालून झाकण उचकायचं आणि धार परातीत घ्यायची. काळपट, जाड तेल येतं. तळाला चुंबक असेल तर त्यावर करडा लेप साचलेला असतो. लेप बोटांत चोळून मऊ लागला तर ती नेहमीची झीज, तिची काळजी नको. चकाकणारा तुकडा लागला, टोकदार, तर कुठला तरी दात किंवा बेअरिंगचा तुकडा गेलेला आहे आणि तो कुठून आला हे कळेपर्यंत पुढे सरकायचं नाही.

चाकांचे एक्सल बाहेरून ओढून निघत नाहीत. आतून सी आकाराच्या दोन छोट्या क्लिपा त्यांना धरून असतात. पाच-सहा सेंटिमीटरही नसलेल्या त्या लोखंडी चकतीवर अख्खं चाक गाडीला टिकून आहे, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस गार पडतो. पिनेला अडवणारा एक बारीक बोल्ट काढायचा, पिन ओढायची, एक्सल आत ढकलायचा, क्लिप हातात. तो बारीक बोल्ट मोडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, तेव्हा पान्यावर अंगचा जोर टाकू नका. आणि पिन काढली की शाफ्ट चुकूनही फिरवायचा नाही. फिरवलात तर आतले लहान गिअर घरंगळत येऊन परातीतल्या तेलात पडतात. एक्सल हातात आला की त्याच्या बेअरिंगच्या जागेवरून नख फिरवा. या धुऱ्यात बेअरिंगला आतली रिंगच नाही, रोलर थेट एक्सलवर धावतात. नखाला खाच लागली तर बेअरिंग नवं घालून उपयोग नाही, एक्सलही बदलायला हवा.

पाऊण टनाच्या गाडीतलं १०.५ इंची चौदा-बोल्टी मात्र वेगळ्या जातीचं. तिथे गाडीचा भार नळीवर बसवलेल्या हबवर असतो, एक्सल फक्त पीळ सोसतो. चाक जमिनीवर असतानाच एक्सल ओढून काढता येतो. पिनियनला पुढे आणखी एक, तिसरं बेअरिंग आहे. माझ्या मते जनरल मोटर्सने पिकअपसाठी केलेलं सगळ्यात प्रामाणिक काम ते हेच. दिसायला ओबडधोबड, वजनाला भारी, आणि मोडायचं नाव नाही.

पिंजरा धरून ठेवणाऱ्या दोन टोप्या काढण्याआधी पंचने खुणा करा. डाव्या टोपीवर एक टिंब, तिच्या शेजारच्या लोखंडावर एक टिंब. उजवीकडे दोन-दोन. या टोप्या कारखान्यात जागेवर बसवूनच आतून गोल कापलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली, किंवा तीच टोपी उलटी बसली, तर बेअरिंगची जागा गोल राहत नाही, आणि ही चूक भरून काढता येत नाही. दोन्हीकडचे शिम, म्हणजे त्या पातळ पोलादी चकत्या, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. क्राउनचे बोल्ट खोलताना हात उलटा चालवायचा, कारण ८.५ इंचीत ते डाव्या आट्याचे आहेत. हे ठाऊक नसलेले लोक पान्याला पाइप लावून बोल्ट आणखी आवळत बसतात आणि त्याचं डोकं उडवतात.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून तयार होतात आणि त्यांच्यावर जोडीचा आकडा कोरलेला असतो. ती जोडी फोडायची नाही. हे वळणदार दात कापण्याची यंत्रं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ग्लिसन कंपनीने घडवली. संस्थापक विल्यम ग्लिसनने शंकूच्या आकाराचे गिअर कापायचं यंत्र १८७४ मध्येच केलं होतं. आपल्याकडे ठाण्याजवळ मुंब्र्याला भारत गिअर्सच्या कारखान्यात असेच गिअर निघतात. मुंबई-पुणे रस्त्यावर घाट चढणाऱ्या कुठल्याही मालट्रकच्या मागच्या धुऱ्यात हीच वळणदार जोडी, थोड्या मोठ्या अंगाची, दात देत असते.

सगळं सुटं झालं, धुतलं, नवी बेअरिंगं आणली. ही बेअरिंगंही थांबून बघावीत अशी आहेत. रोलर निमुळते, कारण इथे जोर वरून येतो आणि बाजूनेही येतो. हेन्री टिमकेन या सेंट लुइसच्या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाने १८९८ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. गाडी वळताना धुऱ्याच्या टोकाला बसणारा रेटा त्याला घोडागाडीतच छळत होता.

आता खरी परीक्षा. पिनियन क्राउनपासून किती खोल बसावा, हे त्याच्या डोक्यामागच्या शिमवर ठरतं. शिम इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. माणसाचा केस साधारण तीन हजारांश जाड. दोन हजारांशाचा शिम बदलला की गिअर वेगळं वागू लागतं, आणि हे वागणं डोळ्यांनी बघता येतं. दातांना पिवळा रंग लावायचा, क्राउनला हाताने थोडा अडवून फिरवायचं, आणि रंग कुठे पुसला गेला ते पाहायचं. ठसा दाताच्या मधोमध, कडांना न टेकता, लांबट पडला तर जमलं. दाताच्या मुळाशी खाली उतरला तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. दाताच्या माथ्याकडे चढला तर पिनियन फार बाहेर, शिम वाढवा. प्रत्येक वेळी बेअरिंग प्रेसवर काढून पुन्हा ठोकायचं तर दिवस जातो. म्हणून कारागीर जुन्या बेअरिंगचं भोक थोडं घासून मोकळं करून ठेवतात. ते हाताने चढतं, हाताने निघतं. मापं त्याच्यावर घ्यायची, आणि शिम पक्का ठरल्यावरच नवं बेअरिंग चढवायचं.

मग बाजूचा प्ले. क्राउनच्या दाताला डायल गेज टेकवून, पिनियन धरून, क्राउन मागेपुढे हलवायचं. काटा पाच ते आठ हजारांशांच्या दरम्यान हलायला हवा, म्हणजे ०.१३ ते ०.२० मिलिमीटर. कमी असेल तर तापून फुगलेले दात एकमेकांत आवळले जातील आणि तेलाला जागा उरणार नाही. जास्त असेल तर प्रत्येक वेळी पेडल दाबताना टणका बसेल. डावीकडचा शिम जितका कमी कराल तितकाच उजवीकडे वाढवायचा. दोन हजारांशांची अदलाबदल केली की प्ले साधारण एक हजारांशाने बदलतो. क्राउनभोवती तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागी बरोबर आणि समोरच्या जागी चूक आली, तर क्राउनच्या मागे कचरा अडकला आहे. जुनेच गिअर पुन्हा घालणार असाल तर नव्या गिअरच्या मापाच्या मागे लागू नका. खोलण्याआधी जो प्ले होता तोच पुन्हा आणा. दात त्या घडीला सरावलेले असतात आणि घडी मोडली की आवाज करतात. बेअरिंगं बदलल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त ओरडायला लागली, ही तक्रार बहुधा इथेच जन्मते.

सगळ्यात अंगावर येणारं काम पिनियनच्या नटाचं. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ नळी असते, मुद्दाम चेपण्यासाठीच केलेली. नट आवळत गेलं की ती चेपते आणि बेअरिंगांवर हलका दाब बसतो. चेपायला सुरुवात व्हावी म्हणून लांबलचक पाइप लावून दोन माणसांचा जोर लागतो. पण नव्या बेअरिंगवर पाहिजे असलेला दाब म्हणजे पिनियन फिरवायला लागणारे २० ते २५ इंच-पाउंड, जे दोन बोटांनी सहज जमतं. एका हाताला राक्षसी जोर आणि दुसऱ्या हाताला नाजूक माप, दोन्ही एकाच नटावर. जोर द्या, थांबा, मोजा. थोडा जोर, पुन्हा मोजा. हवं ते माप अगदी अचानक येतं. ते ओलांडलं तर नट उलटा ढिला करून चालत नाही, कारण चेपलेली नळी परत लांब होत नाही. नळी फेकायची, नवी घालायची, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शहाणा कारागीर एकाऐवजी दोन नळ्या आणून ठेवतो.

ओळख पटवणं, दात मोजणं, तेल बदलणं, झाकण उघडून आत बघणं, हे कुणीही करावं. गिअरची सेटिंग मात्र घाईच्या माणसाचं काम नाही, आणि डायल गेज नसेल तर करूच नये. अंदाजाने बसवलेलं डिफरन्शियल हजार किलोमीटरही काढत नाही.

बसवून झालं, जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० तेल भरलं, की गाडी वीसेक किलोमीटर हळू चालवा आणि पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. नव्या दातांच्या पृष्ठभागाची शेवटची घासाई रस्त्यावरच होते आणि त्या काळात ते फार तापतात. पहिल्या आठशे किलोमीटरांत मागे ट्रेलर जोडू नका, आणि आठशेनंतर तेल पुन्हा बदला.

आणि धुऱ्याच्या वरच्या अंगाला असलेली ब्रीदरची बारीक नळी काढून एकदा फुंकून बघा. ती चिखलाने बुजली की आतली हवा तापून फुगते, तेल सीलमधून बाहेर ढकलते, ते ब्रेकच्या लायनरवर उतरतं, आणि गार पडताना धुरा ओढ्यातलं पाणी आत खेचतो. एवढ्या मेहनतीने बसवलेली बेअरिंगं त्या पाण्यानेच गंजतात, आणि नळी साफ करायला दमडी लागत नाही.